आपल्या गल्लीचा नकाशा कसा काढायचा: पद्धत शिकागोची, गल्ली सोलापूरची

बीएला इतिहास घेतलेली, एमपीएससी करणारी पोरं नेहमी विचारतात की अमेरिकेतला तो कारखान्यांचा काळ, साधारण १८७० ते १९२० चा, त्यातल्या समाजसुधारणा लक्षात कशा ठेवायच्या, कायदे लई, नावं लई, सनावळ्या तर विचारूच नका. मी एकच सांगतो, तिथल्या सुधारकांनी मजुरांच्या वस्तीचा नकाशा काढायचं जे काम केलं तेच आपल्या सोलापुरात एका गल्लीपुरतं करून बघा, मग सन वेगळे पाठ करावे लागत नाहीत, आणि वरून गल्लीचं पण काहीतरी भलं होतं जे नुसत्या नोट्सनी होत नाही. कसं करायचं ते सगळं खाली सांगतोय, दोन-तीन जण मिळून करा, एकट्यानं नको.

आधी थोडं मागचं. १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघी मैत्रिणी शिकागोत हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या मोठ्या घरात राहायला गेल्या, त्याचं नाव हल हाऊस. दोघी शिकलेल्या, चांगल्या घरच्या, आणि मुद्दाम मजुरांच्या वस्तीत शेजारी म्हणून राहिल्या. तिथं बालवाडी, रात्रीचे वर्ग, कॉफी हाऊस असं एकेक सुरू झालं. १८९१ ला फ्लॉरेन्स केली नावाची बाई नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून तीन लेकरं घेऊन शिकागोला आली आणि हल हाऊसमध्ये राहू लागली, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात खमकी बाई तीच. १८९३ ला सरकारी पाहणीसाठी तिच्या देखरेखीखाली माणसं दारोदार फिरली, आणि त्या माहितीवरून हल हाऊसनं १८९५ ला रंगीत नकाशे छापले, एकात कुठल्या घरात कुठल्या देशाची माणसं, दुसऱ्यात कुठल्या घरात आठवड्याला किती डॉलर येतात. जागा किती तर एक चौरस मैलाचा तिसरा हिस्सा, आणि त्यात १८ देशांची माणसं. आपल्याला हेच करायचंय, आपल्या मापात.

आता कुणी म्हणेल सोलापूरचा काय संबंध. अहो, आपली 'जुनी मिल' नावाची कापड गिरणी १८७७ ला सुरू झाली, म्हणजे हल हाऊसच्या १२ वर्षं आधी. तिकडं इटलीतून, रशियातून माणसं आली तशी इकडं तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून आले, दुष्काळी भागातून आले. भोंगा वाजला की अख्खं गाव हलायचं. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, ही मिलांची नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात अजून आहेत. मिला बंद पडल्या, यंत्रमाग आले, टॉवेल-चादरी आल्या, आणि घराघरात विडी तर आहेच. शिकागोत विचारलेले प्रश्न आपल्या गल्लीला जसेच्या तसे लागू पडतात.

पहिलं काम, जागा ठरवा. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक, दत्त नगर, नीलम नगर, विडी घरकुल, मिलची एखादी जुनी चाळ, कुठलीही घ्या पण एकच गल्ली, या टोकाला मारलेली हाक त्या टोकाला ऐकू जाईल एवढीच. मोठं धरलं की अर्ध्यात सुटतं. एक मोठा चार्ट पेपर घ्या, पेन्सिलनं दोन्ही बाजूची घरं चौकोनात काढा, नळ, गटार, मंदिर, दर्गा, किराणा दुकान, कचरा टाकायची जागा सगळं दाखवा. एका घरात तीन कुटुंबं असतील तर चौकोनाचे तीन भाग करा, नाहीतर भाडेकरू नकाशातून गायब होतात आणि गल्लीत सगळ्यात अडचणीत बहुतेक तेच असतात. मालकांची नावं नकाशावर लिहू नका, घराला नंबर द्या, नावांची वही वेगळी आणि ती कुणालाही दाखवायची नाही.

दुसरं, कोण जाणार. आपल्याकडं एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं असतात, आणि विडी वळणारी एखादी आजी मराठी बोलते खरी पण मनातलं तेलुगूतच सांगते. त्यामुळं तेलुगू बोलणारी एक पोरगी टीममध्ये पाहिजेच, आणि बायकांशी बोलायला बाईच जाऊ दे. याचं अमेरिकेतलं उदाहरण म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सचा १९१२ चा कापड गिरण्यांचा संप. तिथं सरकारनं आठवड्याचे तास ५६ वरून ५४ केले, चांगलं केलं, पण मालकांनी तेवढा पगार पण कापला, आठवड्याला साधारण ३२ सेंट. ११ जानेवारीला पोलंडच्या बायकांनी पगाराचं पाकीट उघडलं, पैसे मोजले आणि माग बंद करून बाहेर पडल्या. पुढं हजारो माणसं रस्त्यावर आली, कुणाला कुणाची भाषा कळत नव्हती, तर सभेत एकच भाषण कितीतरी भाषांत सांगायची सोय केली, आणि मार्च महिन्यात संप जिंकला. भाषा येणारं माणूस सोबत असलं की काय होतं ते यातून कळतं, आणि हे पण कळतं की ३२ सेंट ही रक्कम आपल्याला किरकोळ वाटते पण त्या बायकांसाठी ते पावाचे पैसे होते. म्हणून आकडा कितीही छोटा असू दे, लिहा.

तिसरं, काय विचारायचं. इथं घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथंच जाऊ दे. "महिन्याला किती मिळतं" असं दारात उभं राहून विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, आणि का सांगावं. आधी काम कसं होतं ते विचारा. विडीचं घ्या. पान भिजवायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मग पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, जुड्या करायच्या, मग कारखान्यात नेऊन द्यायचं, तिथं रांग, तिथं खराब म्हणून काही विड्या बाजूला काढतात त्याचे पैसे नाहीत. मजुरी हजार विड्यांवर. आता बघा, हजार विड्या वळायला किती तास लागले असं विचारलं तर ती बाई वळायचेच तास सांगेल, पान भिजवणं, कापणं, रांगेत थांबणं ते कुठंच धरलेलं नसतं. आणि पान कोण कापतं? बऱ्याच वेळा शाळेतून आलेली पोरगी. ते वेगळ्या रकान्यात लिहा, कुणी किती वेळ बसलं ते. यंत्रमागावरच्या माणसाला विचारा की किती माग सांभाळतो, दिवसपाळी-रातपाळी किती तासांची, लाईट गेल्यावर बसून राहिलेला वेळ धरतात का, कांड्या भरायला घरातलं कोण येतं.

हेच काम फ्लॉरेन्स केलीनं शिकागोत केलं. तिकडं विडीच्या जागी शिवणकाम होतं, कापलेले कपडे ठेकेदार घरोघर द्यायचा आणि एका खोलीत स्वयंपाक, आजारी पोर, आणि शिवणयंत्र सगळं एकत्र, मजुरी नगावर. तिनं ते खोली-खोलीत जाऊन बघितलं, लिहिलं, आणि त्याच्या जोरावर १८९३ ला इलिनॉय राज्यात कारखान्यांचा कायदा झाला, बायकांना दिवसाला ८ तास, १४ वर्षांखालची पोरं कारखान्यात नकोत, आणि राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून तिचीच नेमणूक झाली, तिथल्या बाईमाणसाला तोवर मतदानाचा पूर्ण हक्क पण नव्हता हे ध्यानात घ्या, तो देशभर १९२० ला मिळाला. १८९५ ला तिथल्या कोर्टानं ८ तासांचा भाग रद्द केला. ती थांबली नाही, १८९९ पासून ग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेतून तेच काम पुढं चालू ठेवलं.

तब्येतीचं विचारताना एक गोष्ट पाळा, कामाच्या जागी विचारू नका, घरी विचारा. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन, ती पण हल हाऊसमध्ये राहायची, तिनं कारखान्यातल्या शिशाच्या विषबाधेचा शोध असाच लावला, मालक म्हणायचा आमच्याकडं कुणी आजारी नाही, मग ती मजुरांच्या घरी, औषधाच्या दुकानात, दवाखान्याच्या नोंदींत शोधत बसायची. १९१९ ला हार्वर्डनं तिला घेतलं, तिथं शिकवणारी ती पहिली बाई. आपल्याकडं खोकला, पाठ, डोळे, हाताला येणाऱ्या मुंग्या, हे विचारा. फक्त आपण डॉक्टर नाही हे विसरू नका, "हे तंबाखूनंच झालंय" असं आपल्या मनानं लिहायचं नाही, बाईनं जे सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहायचं.

फोटोचं थोडक्यात. लुईस हाईन नावाचा मास्तर १९०८ पासून बालकामगार समितीसाठी देशभर फिरून कापड गिरण्यांत, खाणींत काम करणाऱ्या पोरांचे फोटो काढायचा. १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वयाची साडेसतरा लाख पोरं कामाला होती, पण आकड्यानं कुणाला झोपेतून जाग येत नव्हती, फोटोनं आली. त्याची खुबी कॅमेऱ्यात कमी आणि वहीत जास्त होती, पोराची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणावरून ताडायचा, खिशातल्या वहीत गुपचूप नाव, वय, काम, ठिकाण लिहायचा. तुम्ही पण फोटोखाली तारीख, जागा, काम काय चाललंय ते लिहा. पण आजच्या काळात विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, लहान मुलांचे चेहरे नकोत, इन्स्टावर तर अजिबात नको. हातांचे, मागाचे, जिन्याचे, गटाराचे काढा, तेवढे पुरतात.

जिन्यावरून आठवलं, हे मनापासून सांगतोय, जिना आणि दार नक्की बघा. २५ मार्च १९११, न्यूयॉर्कमधली ट्रँगल नावाची ब्लाऊज शिवायची फॅक्टरी, दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले, शनिवारी सुट्टी व्हायच्या वेळेला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, आग लागली तर उतरायची लोखंडी शिडी वजनानं तुटून पडली, आगीच्या बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ जीव गेले, बहुतेक स्थलांतरित घरच्या तरुण पोरी. फ्रान्सिस पर्किन्स नावाची बाई जवळच होती, तिनं ते डोळ्यांनी बघितलं, नंतर चौकशी आयोगाच्या कामात ती झटली, न्यूयॉर्क राज्यात कारखान्याच्या सुरक्षेचे एकामागं एक कायदे झाले आणि १९३३ ला तीच देशाची कामगारमंत्री झाली. आणि आपल्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत २०२५ च्या मे महिन्यात टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जण गेले, त्यात लहान लेकरू पण होतं. सोलापुरात कुणाला ते विसरता येणार नाही. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक कारखान्याला, माग असलेल्या प्रत्येक घराला नकाशावर बाहेर पडायचे रस्ते किती ते लिहा, दार आत उघडतं का बाहेर, रात्री कुलूप कोण लावतं, किल्ली कुणाकडं, जिन्यात मालाचे गठ्ठे ठेवलेत का, आत कुणी झोपतं का. मालकाशी भांडू नका, नम्रपणे विचारा, बरेच मालक स्वतः वर राहतात, त्यांच्या पण जीवाचा प्रश्न आहे.

आता कचरा आणि पाणी, माझा सगळ्यात आवडता भाग. जेन ॲडम्सच्या वस्तीत कचरा उचलायचा ठेका होता पण कचरा तसाच पडलेला. हल हाऊसच्या बायका गल्लीबोळ फिरल्या आणि दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडं हजारावर तक्रारी लिहून दिल्या, प्रत्येक तक्रारीत जागा नेमकी. शेवटी १८९५ ला जेन ॲडम्सलाच त्या वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं, मग ही बाई पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागं जायची, गाडी शेवटपर्यंत जाते का मध्येच रिकामी करतात ते बघायला. एका अरुंद गल्लीत कचरा उपसत गेले तर १८ इंच खाली फरसबंदी रस्ता सापडला! तुम्ही हेच करा, एक आठवडा घंटागाडी किती वाजता आली, गल्लीच्या तोंडाशीच थांबली की आत आली, ते लिहा. नळाला पाणी कुठल्या तारखेला, किती वाजता, किती वेळ आलं ते पण, आणि रात्री दोनला आलं तर भरायला कोण उठलं ते पण. "पाणी चार-पाच दिवसांनी येतंय" हे सगळेच बोलतात, पण तारखांचा कागद कुणाकडंच नसतो, आणि कागद घेऊन गेलं की साहेबाचं बोलणं बदलतं.

एक रकाना काम नसलेल्या वेळेचा ठेवा, हा लोक सोडून देतात आणि तिथंच संस्कृती कशी बदलली ते दिसतं. अमेरिकन कामगारांची मागणीच होती की आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आमच्या मर्जीचे, १ मे १८८६ चा संप त्यासाठीच. ते मर्जीचे तास मिळायला लागले तशा पाच सेंटच्या सिनेमाच्या खोल्या निघाल्या, नाचाचे हॉल, कोनी आयलंडची जत्रा, पोरापोरींनी एकत्र फिरणं, आणि जुन्या पिढीच्या कपाळाला आठ्या. आपल्याकडं नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तो धागा जोडून घ्या. गल्लीत विचारा, रविवारी काय करता, गड्ड्याच्या जत्रेला कोण कोण जातं, भजनी मंडळ, तालीम, वाचनालय, मोबाईल, आणि बायकांना रविवार असतो का. हल हाऊसनं १९०० च्या सुमाराला एक भारी गोष्ट केली, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना चरखा आणि हातमाग देऊन बसवलं आणि लोकांना बघायला बोलावलं, फॅक्टरीत जाणाऱ्या पोरींना आपल्या आयांची लाज वाटायची, त्यांनी पहिल्यांदा आईचं कसब बघितलं. आपल्या गल्लीत ज्या आजोबांनी हातमाग चालवला त्यांच्याकडं धोटा असेल, फणी असेल, माळ्यावर पडलेली, काढायला लावा, हातात घेऊन दाखवायला सांगा, बोलतील ते रेकॉर्ड करा. याला उशीर करू नका, ही माणसं कमी होत चालली आहेत.

आणि जात विचारायची का? विचारायची, नीट, आणि सांगायचं नसेल तर सोडून द्यायचं. अमेरिकेच्या या सुधारणांची मोठी उणीव हीच की काळ्या माणसाला त्यात बऱ्याच वेळा जागाच नव्हती, दक्षिणेतल्या कापड गिरण्यांत मागावरचं काम गोऱ्यांनाच, चिनी मजुरांना तर १८८२ च्या कायद्यानं देशात यायलाच बंदी. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात स्वतः घरोघर जाऊन काळ्या वस्तीची पाहणी केली, १८९९ ला ती छापून आली, ती नसती तर ही उणीव आकड्यात दिसलीच नसती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते, म्हणजे हे सगळं तापलेलं असताना ते तिथं होते. त्यामुळं कुठल्या कामावर कोण, गटार साफ करायला कोण येतं, पाण्याची टाकी कुणाच्या दारात आणि कुणाच्या नाही, हे नकाशावर आलंच पाहिजे.

सगळं जमलं की रंग भरा. एका ट्रेसिंग पेपरवर काम, दुसऱ्यावर कमाई (तीन-चार टप्पे पुरे), तिसऱ्यावर पाणी-कचरा, आणि ते एकावर एक ठेवून उजेडात धरा. कमी कमाईची घरं आणि पाणी न पोचणारी घरं तीच निघतात का, का नाही, ते स्वतः बघा, आधीच ठरवून रंग भरू नका.

मग अर्ज. लांबलचक भाषण लिहू नका. १९०८ ला ओरेगॉन राज्यातल्या लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांच्या १० तासांचा खटला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात आला, तेव्हा वकील लुईस ब्रँडाइस यांनी शंभराच्या वर पानं दिली, त्यात कायद्याची दोनेक पानं आणि बाकी सगळी जास्त तास काम केल्यानं तब्येतीचं काय होतं त्याची माहिती, ती गोळा केली जोसेफिन गोल्डमार्क आणि तिच्या सोबतच्या बायकांनी. खटला जिंकला. तुमच्या अर्जात एक मागणी, तिच्याखाली तारखा आणि घर नंबर, सोबत नकाशाची झेरॉक्स, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आणि वेळ लागतो हे पोरांना आधीच सांगून ठेवा, बालमजुरीविरुद्ध देशाचा कायदा १९१६ ला झाला, १९१८ ला कोर्टानं उडवला, पक्का झाला तो १९३८ ला.

अर्ज द्यायच्या आधी मात्र नकाशा गल्लीत दाखवा. रविवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर नाहीतर कुणाच्या अंगणात चार्ट पेपर लावा, कमाईचा कागद लावू नका, बाकीचे लावा, आणि मराठीत, तेलुगूत वाचून दाखवा. लोक लगेच सांगतात, इथं नळ नाही, तो मागच्या वर्षीच बंद केला, ही खोली रिकामी नाही, तिथं दोघं जण राहतात. तिथल्या तिथं खोडरबरनं दुरुस्त करा, आणि अर्जावर पहिली सही ज्या बाईच्या घरापर्यंत पाणी पोचत नाही तिची घ्या.